जुन्या रिव्हॉल्व्हरची ओळख आणि मोल : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

इ. स. १८५४ मध्ये सातारच्या कमिशनरने विजापूरच्या मामलेदारास असा हुकूम दिला की, तेथे पडून असलेल्या निरुपयोगी तोफा व तत्सम सामान लिलावाने विकून टाकावे. त्या सामानात ‘मलिक-इ-मैदान’ ही तोफही होती. तिला सर्वांत मोठी बोली आली ती दीडशे रुपयांची. तोफेचे वजन सुमारे ५५ टन. म्हणजे टनामागे पुरते तीन रुपयेसुद्धा पडले नाहीत. बोली फार हलकी आहे आणि लोकांच्या मनात ह्या तोफेविषयी पूज्यभाव आहे, हे ध्यानी घेऊन स्थानिक अधिकाऱ्यांनी ती वर कळविली आणि विक्री रद्द झाली.

ही तोफ विजापूरची म्हणून प्रसिद्ध असली, तरी तिचा जन्म अहमदनगरचा. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १५४९ मध्ये, एका रूमी ओतकाऱ्याने ती तेथे ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. हे सारे आपणास कळते ते प्रामुख्याने तिच्यावरील लेखांमुळे व तिच्यासंबंधीच्या नोंदींमुळे. तोफेवर निजामशहाचे नाव आहे, ओतणाऱ्याचे नाव आहे आणि विजापूर जिंकल्यानंतर औरंगजेबाने कोरविलेला लेखही आहे. करविणारा, घडविणारा आणि जिंकून घेणारा अशा तिघांच्या मुद्रा एकाच धातूवर उमटल्या आहेत. लिलावात बोली लावणाऱ्याने धातू पाहिला. लेख वाचला नाही. दीडशे रुपये ही धातूची किंमत होती, तोफेची नव्हे.

प्रस्तुत लेखाचा विषय तोफ नसून हातात मावणारे रिव्हॉल्व्हर हा आहे. आकारात केवढेही अंतर असले, तरी दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. जुन्या शस्त्राचे मोल त्याच्या ओळखीवर अवलंबून असते, आणि ओळख ही शस्त्रावरील खुणा व शस्त्रासोबतचे कागद ह्या दोहोंवर. खुणा पुसल्या किंवा कागद वेगळे पडले की उरतो तो केवळ धातू. असे होऊ नये ह्यासाठी अभ्यासकाने काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि त्यावरून मोलाचा निर्णय कसा करावा, ह्याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. प्रश्नाचे स्थानिक स्वरूप

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) हे प्रदीर्घ काळ लष्करी छावणीचे गाव आहे. १२ ऑगस्ट १८०३ रोजी किल्ला जनरल वेलस्लीच्या हाती आला. पुढे बोअर युद्धातील कैदी, पहिल्या महायुद्धातील जर्मन स्थानबद्ध आणि १९४२ ते १९४५ ह्या काळात जवाहरलाल नेहरूप्रभृती राष्ट्रीय नेते ह्यांना येथेच ठेवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्रही येथेच स्थिरावले. अशा गावात आणि त्याच्या आसपासच्या तालुक्यांत हस्तशस्त्रे येण्याच्या वाटा अनेक असतात. पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश अधिकाऱ्याने आपले रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने विकत घ्यावयाचे असे. त्यात लष्करी काडतूस बसले पाहिजे एवढीच मुख्य अट होती. असे शस्त्र त्या अधिकाऱ्याची खाजगी मालमत्ता असल्यामुळे ते विकले जाई, भेट दिले जाई. ह्याशिवाय जमीनदार, इनामदार आणि व्यापारी परवान्यावर शस्त्र बाळगीत. सेवेतून काढून टाकलेली सरकारी शस्त्रेही बाजारात येत.

आज ही शस्त्रे तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हाती आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि अधिकचे शस्त्र एका वर्षाच्या मुदतीत जमा करणे आवश्यक झाले. वारसाहक्काने आलेल्या शस्त्रासही ही मर्यादा लागू आहे. अशा निवडीत घरातील सर्वांत जुने आणि ‘निरुपयोगी’ शस्त्र प्रथम सोडले जावे, हे स्वाभाविक आहे. जमा केलेले शस्त्र विहित मुदतीत परत घेतले नाही किंवा त्याची विल्हेवाट लावली नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून शस्त्र घराबाहेर पडण्यापूर्वी त्याची ओळख लिहून ठेवणे हे काम तातडीचे आहे. १८५४ मध्ये जे थोडक्यात टळले, ते पुष्कळ घरांत निमूटपणे घडू शकते.

२. हाताळणीपूर्वीचे दोन नियम

पहिला नियम सुरक्षिततेचा. कोणतेही जुने शस्त्र भरलेले आहे असे धरूनच चालावे. गंजामुळे अडकलेले चक्र बळाने फिरवू नये; चाप ओढून पाहू नये. शस्त्र रिकामे आहे की नाही, ह्याची खात्री परवानाधारक शस्त्रविक्रेत्याने किंवा पोलीस दलाच्या आर्मोररने करून द्यावी. जुन्या शस्त्रातून गोळी झाडून पाहणे हा ओळखीचा मार्ग नव्हे.

दुसरा नियम कायद्याचा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना अग्निशस्त्र बाळगता येत नाही, आणि ‘आम्ही केवळ अभ्यासासाठी ठेवले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. पाहणी परवानाधारकाच्या समक्ष व त्याच्याच जागी करावी. वाडा पाडताना किंवा जुनी पेटी उघडताना परवान्याविना शस्त्र आढळले, तर ते पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे. जुनाट घडणीची वा पुरातन मूल्याची आणि दुरुस्ती करूनही वापरता न येणारी शस्त्रे अधिनियमाच्या कलम ४५ ने वगळली आहेत. परंतु एखादे शस्त्र ह्या वर्गात मोडते की नाही, हे मालकाने स्वतःच्या मताने ठरवू नये. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी निर्णय घ्यावा.

३. वस्तू रिव्हॉल्व्हरच आहे काय?

ओळखीची पहिली पायरी नावाची आहे, आणि मराठीत येथेच सर्वाधिक घोटाळा होतो. ज्या शस्त्रात नळीच्या मागे कोठ्यांचे फिरते चक्र असते आणि प्रत्येक वेळी नवा कोठा नळीसमोर येतो, तेच रिव्हॉल्व्हर. ज्यात काडतुसे मुठीतील पेटीत असतात आणि झाडलेल्या काडतुसाच्या शक्तीनेच पुढचे काडतूस आपोआप चढते, ते स्वयंभरण पिस्तूल. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे ह्यांनी कलेक्टर जॅक्सन ह्यांच्यावर जे शस्त्र झाडले, त्याला बोलण्यात पुष्कळदा ‘रिव्हॉल्व्हर’ म्हटले जाते. वस्तुतः ते ब्राउनिंग जातीचे स्वयंभरण पिस्तूल होते. लंडनहून त्याच वर्षी पेटीच्या चोरकप्प्यातून आलेल्या २० पिस्तुलांपैकी ते एक होते. शस्त्राचे नाव चुकले की ते कोठून आले, केव्हा आले आणि कोणत्या वाटेने आले, ह्यासंबंधीचे अनुमानही चुकते. घरातील जुन्या कागदांत ‘पिस्तूल’ किंवा ‘तमंचा’ असा उल्लेख आढळला, तर तो शब्द प्रमाण न मानता वस्तू पाहावी.

४. रचनेवरून काळ

रचनेवरून शस्त्राचा काळ ढोबळमानाने ठरविता येतो. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दारू पेटविण्याची रीत. सॅम्युएल कोल्टने आपले पेटंट इंग्लंडात १८३५ मध्ये आणि अमेरिकेत १८३६ मध्ये घेतले. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस नसे. प्रत्येक कोठ्यात पुढून दारू व गोळी ठासावयाची आणि मागच्या टोकावर तांब्याची टोपी बसवावयाची, अशी रीत होती. चक्राच्या मागे प्रत्येक कोठ्यास बोंडासारखे लहान टोक दिसले, तर शस्त्र टोपीच्या काळातले समजावे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टची व रॉबर्ट ॲडम्सची अशी दोन्ही रिव्हॉल्व्हरे लोकांनी पाहिली. १८५७ च्या उठावात हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांजवळ मुख्यतः ह्याच पिढीची शस्त्रे होती. फ्रान्स-बेल्जममध्ये प्रचलित असलेल्या दुसऱ्या एका प्रकारात काडतुसाच्या बाजूने सुईसारखी खीळ बाहेर येते व घोडा तिच्यावर आदळतो. अशा शस्त्राच्या चक्राच्या कडेला प्रत्येक कोठ्यास खाच असते. तिसरा प्रकार आजच्यासारख्या धातूच्या काडतुसाचा. तो १८६० नंतर हळूहळू सर्वत्र रूढ झाला.

दुसरी गोष्ट, सांगाडा कसा उघडतो. काही शस्त्रांचा सांगाडा अखंड असून बाजूच्या झडपेतून एकेक काडतूस भरावे लागते. काहींची नळी वरून मोडून खाली झुकते आणि रिकामी काडतुसे एकदम बाहेर फेकली जातात. काहींचे चक्र बाजूला बाहेर येते. वेब्लीची प्रसिद्ध लष्करी रिव्हॉल्व्हरे दुसऱ्या प्रकारची आहेत. ब्रिटिश लष्कराने त्यांचा पहिला नमुना १८८७ मध्ये स्वीकारला आणि सहावा १९१५ मध्ये. तिसरी गोष्ट म्हणजे चाप व घोडा ह्यांचा संबंध. ॲडम्सच्या आरंभीच्या शस्त्रात केवळ चाप ओढूनच घोडा चढे. ट्रँटरच्या एका नमुन्यास दोन चाप असत. खालच्याने घोडा चढवावयाचा व वरच्याने झाडावयाचे. असे वैशिष्ट्य दिसले तर घडविणाऱ्याचे नाव पुसलेले असूनही अनुमानास आधार मिळतो.

बोअर मोजताना सावधगिरी हवी. काडतुसाचे नाव आणि प्रत्यक्ष माप ह्यांत फरक असतो, ‘.३८ स्पेशल’ ह्या काडतुसाची गोळी .३५७ इंच व्यासाची असते. म्हणून नळीचे माप आणि शस्त्रावर लिहिलेले बोअर ह्या दोन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात.

५. खुणांचे वाचन

रचनेवरून पिढी कळते. खुणांवरून व्यक्ती कळते. खुणा चार प्रकारच्या असतात.

(अ) घडविणाऱ्याची खूण. येथे नावाचे रूप बारकाईने पाहावे, कारण नाव बदलते आणि त्या बदलाला वर्ष असते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली घराण्याचा धंदा १८९७ मध्ये इतरांशी एकत्र होऊन ‘वेब्ली अँड स्कॉट’ झाला. ‘पी. वेब्ली अँड सन’ असे नाव असलेले शस्त्र त्यामुळे सामान्यतः त्यापूर्वीचे ठरते. एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या .३८ रिव्हॉल्व्हरवर मुकुटाखाली कारखान्याचे नाव, नमुना आणि वर्ष हे सांगाड्याच्या उजव्या बाजूस ठसविलेले असते. तो नमुना १९३२ मध्ये स्वीकारला गेला.

(आ) चाचणीची मुद्रा. इंग्लंडात नळी नेहमीपेक्षा जड भरण्याने तपासून मगच विक्रीस सोडावी लागे. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. बर्मिंगहॅमच्या जुन्या मुद्रेत मुकुटाखाली एकमेकांस छेदणारे दोन राजदंड दिसतात. १९०४ पासून तेथे मुकुटाखाली ‘बी. व्ही.’, ‘बी. पी.’ आणि धूररहित दारूसाठी ‘एन. पी.’ ही रोमन अक्षरे येऊ लागली. बेल्जममधील लिएज शहराच्या मुद्रेत लंबगोलात ‘ई. एल. जी.’ ही अक्षरे व तारा असतो. त्यावर मुकुट असेल तर चाचणी १८९३ नंतरची. शस्त्रावर इंग्रजी नाव आणि चाचणी केवळ लिएजची असेल, तर ते बहुधा इंग्रजी नमुन्यावरून बेल्जममध्ये बनविलेले समजावे. वेब्लीच्या ‘बुलडॉग’ ह्या आखूड रिव्हॉल्व्हरच्या अशा असंख्य नकला तेथे झाल्या.

(इ) मालकीची आणि विक्रीची खूण. ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या शस्त्रावर रुंद फाळाचा बाण असतो. दोन बाण टोकाला टोक लावून ठसविलेले असतील, तर ते शस्त्र सेवेतून काढून रीतसर विकले गेले, असा त्याचा अर्थ. नळीच्या वरच्या पट्टीवर पुष्कळदा विक्रेत्याचे नाव असते. उदाहरणार्थ, कलकत्त्याची मँटन किंवा रॉडा कंपनी. ‘आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ ह्या लंडनच्या संस्थेने १८९१ मध्ये मुंबईस शाखा उघडली. तिचे नाव असलेली रिव्हॉल्व्हरे प्रायः अधिकाऱ्यांनी खाजगीरीत्या घेतलेली असतात. पुण्या-नगरच्या छावण्यांतून अशी शस्त्रे मिळणे ह्यात नवल नाही.

(ई) अनुक्रमांक. सर्व खुणांत ही सर्वांत महत्त्वाची, कारण ती कागदाशी जोडणारी एकमेव खूण आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीची ५० मौझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी पळविली. कंपनीकडे प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक नोंदलेला असल्यामुळे पुढे निरनिराळ्या ठिकाणी सापडलेले शस्त्र त्याच गठ्ठ्यातले आहे की नाही, हे पोलिसांस सांगता आले. दुसरे उदाहरण आपल्या काळातले. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्सवर भगतसिंग व राजगुरू ह्यांनी गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचे .३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल १९६९ मध्ये पंजाबातील फिल्लौर येथून इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रविद्यालयात गेले आणि तेथील संग्रहात इतर शस्त्रांसारखेच एक म्हणून पडून राहिले. २०१६ मध्ये त्यावरील काळा रंग खरवडला, तेव्हा १६८८९६ हा क्रमांक दिसला. तो खटल्याच्या कागदांतील क्रमांकाशी जुळला. एका आकड्याने एका वस्तूचे स्थान बदलले. तो आकडा कोणी घासून टाकला असता, किंवा खटल्याचे कागद नष्ट झाले असते, तर तेच पोलाद आजही अनाम राहिले असते.

कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. अधिनियमाच्या कलम ८ नुसार शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखखूण पुसणे, काढणे, बदलणे वा बनावट करणे हा अपराध आहे, आणि अशा खुणा नसलेल्या शस्त्राच्या विक्रीस बंदी आहे.

६. एक काल्पनिक उदाहरण

वरील क्रम कसा लावावा हे स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नेवासे तालुक्यातील एका घरी परवान्यावर असलेले रिव्हॉल्व्हर आहे. घरात अशी आख्यायिका आहे की, ‘सत्तावनच्या बंडात पणजोबांनी एका साहेबाचे प्राण वाचविले, त्याने हे बक्षीस दिले.’ पाहणीत असे दिसते : सहा कोठ्यांचे चक्र, नळी वरून मोडून खाली झुकते, वरच्या पट्टीच्या डाव्या बाजूस ‘मार्क ६’ असा रोमन आकड्यातील ठसा, रुंद फाळाचा बाण, त्याशिवाय टोकाला टोक लावलेले दोन बाण, आणि चक्रावरील क्रमांक सांगाड्यावरील क्रमांकाहून वेगळा.

ह्यावरून चार निष्कर्ष निघतात. नमुना १९१५ चा असल्यामुळे शस्त्र १८५७ चे असू शकत नाही. ते प्रथम सरकारी मालकीचे होते आणि नंतर रीतसर विकले गेले. चक्र मूळचे नाही. ते केव्हातरी बदलले आहे. चौथा निष्कर्ष आख्यायिकेसंबंधी. ती खोटी म्हणून टाकून देणे हे घाईचे ठरेल. साहेब खरा असेल आणि काळ चुकलेला असेल. एका पिढीची गोष्ट दुसऱ्या पिढीला चिकटणे हे मौखिक परंपरेत वारंवार घडते. पहिला परवाना कोणाच्या नावे व कोणत्या वर्षी निघाला, हे पाहिले की उलगडा होण्याचा संभव असतो. वस्तूने आख्यायिका तपासावी आणि आख्यायिकेने कागदाचा शोध सुचवावा, हीच योग्य पद्धत होय.

येथे बनावटीसंबंधी एक सूचना आवश्यक आहे. सरहद्द प्रांतातील दर्रा आदमखेल येथे हातांनी बनविलेल्या विलायती शस्त्रांच्या नकला प्रसिद्ध आहेत. अशा नकलांवर पुष्कळदा इंग्रजी अक्षरे चुकीची, उलटी किंवा ओबडधोबड खोदलेली असतात. खरा ठसा एका आघाताने उमटतो, त्यामुळे अक्षरांची खोली सारखी असते. खोदलेल्या अक्षरात ती बदलत जाते. भिंगाखाली हा फरक स्पष्ट दिसतो. अर्थात् नक्कल ही स्वतःदेखील इतिहासाची साधनवस्तू आहे. मात्र तिला मूळ म्हणून नोंदणे हा दोष होय.

७. मोलाचा निर्णय

जुन्या रिव्हॉल्व्हरला एक नव्हे, तीन मोले असतात आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात.

पहिले उपयोगाचे मोल. परवानाधारकाला स्वसंरक्षणासाठी चालू शस्त्र हवे असते. १९८० च्या दशकापासून खाजगी व्यक्तींसाठी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाल्यामुळे, चांगल्या स्थितीतील जुन्या विलायती .३२ रिव्हॉल्व्हरला भारतात मागणी राहिली. तुलनेसाठी असे की, कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ मध्ये आणलेल्या ‘निर्भीक’ ह्या नव्या .३२ रिव्हॉल्व्हरची किंमत त्या वेळी सुमारे सव्वा लाख रुपये होती. येथे बोअर निर्णायक ठरते. १९६२ च्या शस्त्र नियमांनी .३८० व .४५५ ही लष्करी काडतुसे ज्यांत बसतात ती रिव्हॉल्व्हरे निर्बंधित वर्गात टाकली. परिणामी, इतिहासदृष्ट्या अधिक लक्षणीय असलेल्या .४५५ वेब्लीस सामान्य परवानाधारकांत ग्राहक नाही, आणि सामान्य .३२ ला आहे. उपयोगाची किंमत ही इतिहासाची किंमत नव्हे, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा कोणता?

दुसरे संग्रहाचे मोल. येथे दुर्मिळता, मूळ झिलई, सर्व भागांवर जुळणारे क्रमांक आणि पूर्वेतिहासाचे कागद ह्यांना महत्त्व असते. पूर्वेतिहासाचे बळ किती असू शकते ह्याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. बिली द किड ह्या गुन्हेगारास ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरने शेरीफ पॅट गॅरेटने १८८१ मध्ये ठार केले, ते २०२१ च्या लिलावात साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. त्याच नमुन्याची हजारो रिव्हॉल्व्हरे अस्तित्वात आहेत. अधिक किंमत मिळाली ती पोलादाला नव्हे, सिद्ध झालेल्या इतिहासाला. तथापि परदेशी लिलावांतील आकडे पाहून येथील मालकाने हिशेब करू नये. शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखाली येते आणि तिची खाजगी निर्यात करता येत नाही. देशातील विक्रीसही बंधन आहे. खाजगी व्यक्तीने आपले शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीस देण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. ज्या बाजारात विकता येत नाही, त्या बाजाराचा भाव हा भाव नव्हे.

तिसरे मोल पुराव्याचे. विद्यापीठाच्या दृष्टीने हेच प्रमुख आहे. मोडके, गंजलेले, निर्बंधित बोअरचे रिव्हॉल्व्हर पहिल्या मोजणीत शून्य ठरते आणि दुसऱ्या मोजणीत अल्प. परंतु त्यावर विक्रेत्याचे नाव असेल, क्रमांक शाबूत असेल आणि जुना परवाना जोडीला असेल, तर छावणी आणि गाव ह्यांच्यातील व्यवहाराचा तो साक्षीदार असतो. हे मोल रुपयांत सांगता येत नाही. मात्र ते फार सहज नष्ट होते. पॉलिश कागदाने गंज घासणे, नव्याने झिलई चढविणे, हस्तिदंती वा लाकडी मूठ बदलणे, म्यान फेकून देणे, जुने परवाने रद्दीत घालणे ह्या सर्व गोष्टी सद्भावनेने केल्या जातात, आणि प्रत्येकीने एकेक साक्ष पुसली जाते. घासलेले शस्त्र नवे दिसते. म्हणजेच ते मुके झालेले असते.

८. उपसंहार : नोंदपत्रक

अभ्यासकाने प्रत्येक शस्त्रासाठी एक पत्रक भरावे. त्यात प्रकार, चक्रातील कोठ्यांची संख्या, सांगाडा उघडण्याची रीत, नळीची लांबी, मोजलेले बोअर व लिहिलेले बोअर, प्रत्येक ठशाचे स्थान व हुबेहूब रेखाटन, प्रत्येक भागावरील क्रमांक, बदललेले भाग, सोबतचे म्यान व कागद, परवान्यांची क्रमवार यादी आणि घरातील आख्यायिका सांगणाऱ्याच्याच शब्दांत, एवढ्या बाबी असाव्यात. पाहिलेले आणि अनुमानिलेले ह्यांसाठी वेगळे रकाने ठेवावेत. मालकाचे नाव आणि पत्ता मात्र प्रसिद्ध करू नये. शस्त्र कोणाच्या घरी आहे हे जाहीर करणे त्या कुटुंबाच्या हिताचे नसते.

हे पत्रक भरण्यास एक दुपार पुरते. शस्त्र नंतर विकले जावो, जमा होवो किंवा सरकारजमा होऊन वितळविले जावो, पत्रक राहते आणि पत्रकासह ओळख राहते. अहमदनगरच्या ओतकाऱ्याने पावणेपाचशे वर्षांपूर्वी आपले नाव तोफेवर कोरून ठेवले, म्हणून ती कोणाची हे आज आपण सांगू शकतो. लिलावातून ती वाचली, कारण तिची ओळख लोकांना होती. ज्या लहान शस्त्रांना अशी ओळख नाही, त्यांना ती देणे हे जिल्ह्याच्या इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. किंमत ठरविण्याचे काम त्यानंतरचे.